दोन महिने

पाळक याकोब रामटेके सायकलवर आले,
कॅरिअरला फडक्यात बांधलेलं पुस्तक.
शंकरपटाचा हंगाम सरला होता,
बाबाचे नाटकाचे पडदे गुंडाळून माळ्यावर गेले होते :
महाल, तुरुंग, रस्ता, जंगल.
सरसाचं डबडं थंड.

पुस्तकात तीन चित्रं, परदेशी, बारीक काळ्या रेघांची.
पहिल्यात बाप घोड्यावर, अंगावरचे कपडे फाडतो आहे.
दुसऱ्यात पोरगी नाचत दाराबाहेर येते, हातात डफ.
तिसऱ्यात लाकडं, सुरी आणि तीच पोरगी,
इतकी गोरी की कागद नुसता कोरा सोडलेला.

पाळकांनी ओसरीत बसून सांगितलं :
इफ्ताह नावाचा सरदार. लढाईला जाताना देवाला बोलला,
जिंकून आलो तर माझ्या दारातून
पहिलं जे सामोरं येईल, ते तुझं.
आई तांदूळ निवडत होती.
"दारातून पहिलं कोन येते?
कोंबडी येते, नाही त लेकरू येते.
त्याले माहीत नव्हतं का?"
पाळकांनी चहा बशीत ओतला
आणि बराच वेळ फुंकत राहिले.

बाबाने विचारलं, पोरीचं नाव काय?
पाळक म्हणाले, लिहिलेलं नाही.

प्रार्थनाघराची मागची भिंत, बारा फूट बाय आठ.
चुना, पिवडी, गेरू, नीळ.
दंडारीतली डफडी देऊन बाबाने मला दारात उभं केलं.
हास, म्हणाला. हसले.
आता बापाला पाह्यलं असं कर, म्हणाला.
मी त्याच्याकडेच पाहत होते.
चार दिवस. पायाला मुंग्या.
पाचव्या दिवशी ओल्या बारदान्यानं
त्यानं सगळा खडू पुसून टाकला.

"पाळकसाहेब, थे दोन महिने कुठी गेले?"

कारण गोष्टीत होते ते. पोरीनं मागून घेतले होते,
मैत्रिणींसोबत डोंगरात हिंडायला, रडायला.
तिन्ही चित्रांत त्यांच्यासाठी जागा नव्हती.

मग बाबानं तेवढंच काढलं.
टिपागडाच्या अंगाचा डोंगर,
साजाची झाडं, खाली बोडी.
एक पोरगी पहाटे मोह वेचते,
एक टेंभरं खाऊन बिया थुंकते,
एक दुसरीच्या उवा बघते,
एक तोंड उघडं टाकून झोपली आहे.
रडणारी एकही नाही.
सुरी एकच, वास्ते चिरायला.

पाळक चष्मा पुसून म्हणाले,
डोमाजी, मोह चैत्रातला अन् वास्ते पावसाळ्यातले.
दोन महिन्यांत दोन्ही कसे?
बाबा शिडीवरून म्हणाला,
"त मंग लांबले समजा."

बापाच्या घरात मी हे किती लोकांना सांगितलं असेल.
सासरी कोणाला नाही सांगितलं.

दुसऱ्या वर्षी वडशाला, चहाच्या टपरीवर,
बाबानं कंपनीच्या मालकाला शब्द दिला,
त्याच्या भाच्यासाठी.
तीन नव्या पडद्यांचा ॲडव्हान्स त्याच हातानं घेतला.
माझी दहावी होती. परीक्षेला मोजून दोन महिने.
मी तेवढेच मागितले.
तो ब्रश रॉकेलमध्ये बुडवत होता, मान वर केली नाही.
"बोललो त बोललो, पोरी."
पत्रिकेत माझं नाव चुकीचं छापलं.
दुरुस्त करायला कोणी गेलं नाही.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली.
परवा त्या गावावरून जाताना उतरले.
प्रार्थनाघराला कमरेपर्यंत निळा ऑइलपेंट मारलाय,
बोडी त्यात बुडाली.
वरून ओल उतरून अर्धा डोंगर फुगला आहे.
कडेला, साजाच्या बुंध्याशी, एक पोरगी पाठमोरी.
ती मला तेव्हा आठवत नाही,
नंतर काढली असेल, की मीच पाहिली नसेल.

अंगात हिरवा फ्रॉक.
पाठीवरचा हूक तुटलेला,
तिथं सेफ्टीपिन.

एवढीशी पिन. नखाएवढी.
पांढऱ्या रंगानं तिला चकाकी पण दिली आहे.